बरं वाटतंय म्हणून पंप बंद केला? दमा आणि त्याचे ट्रिगर, साध्या भाषेत

"आता महिना झाला, काहीच त्रास नाहीये, मग रोज पंप कशाला घ्यायचा?" दमा असलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी येतंच. मी पण कित्येक वर्षं हेच म्हणायचे. लहानपणापासून दमा आहे, त्रास झाला की निळा पंप मारायचा, बरं वाटलं की विसरून जायचं, असंच चाललं होतं. मग एका वर्षात दोनदा मध्यरात्री ऑक्सिजन लावायची वेळ आली आणि तेव्हा कुठे मी या आजाराबद्दल नीट वाचायला आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागले. जे कळलं ते फार अवघड नव्हतं, पण आधी कळलं असतं तर त्या दोन रात्री टळल्या असत्या असं मला आजही वाटतं. डॉक्टर पाच मिनिटांत जे सांगतात त्याच्यामागचं कारण समजलं की ते पाळलं जातं, नाहीतर चिठ्ठी खिशातच राहते, म्हणून हे लिहायला घेतलंय.

तर आधी छातीत काय चालतं ते बघू. हवा आत नेणाऱ्या ज्या नळ्या असतात त्या उलट्या धरलेल्या झाडासारख्या असतात, आधी एक जाड खोड, मग फांद्या, मग बारीक बारीक डहाळ्या. प्रत्येक नळीला आतून ओलसर नाजूक अस्तर असतं आणि त्याच्याभोवती स्नायूंचे वेढे असतात. दम्यात हे अस्तर सुजून जाड होतं, स्नायू आवळले जातात आणि वर चिकट कफ साचतो, म्हणजे नळी तिन्ही बाजूंनी बारीक होते. आणि नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही होत, हिशोबानं तो सोळापटीपर्यंत जातो, म्हणूनच सूज जराशी वाढली तरी माणूस एकदम धापा टाकायला लागतो.

अजून एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. दम्यात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त त्रास होतो. श्वास घेताना छाती फुगते, तिच्याबरोबर नळ्याही थोड्या ताणून उघडतात, पण सोडताना त्या परत आकसतात, मग हवा आतच अडकते आणि जी बाहेर पडते ती शिट्टीसारखा सूं सूं आवाज करत पडते. जुनी हवा बाहेर गेलेली नाही आणि नवीन घ्यायला जागा नाही, म्हणून वाटतं की श्वासच पुरत नाहीये. काही जणांना मात्र सूं सूं वगैरे काहीच होत नाही, फक्त कोरडा खोकला येतो, रात्री किंवा पहाटे किंवा धावल्यावर, आणि महिनोन्महिने खोकल्याची औषधं पिऊनही तो जात नाही, अशा खोकल्याच्या मागेही दमा असू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्नायू आवळणं हे येतं आणि जातं, पण अस्तराची सूज ही बऱ्याचदा कायम असते, तुम्हाला काहीही त्रास होत नसताना सुद्धा. मी हे असं समजून घेतलं की चांगल्या कातडीवर मीठ टाकलं तर काही होत नाही, तेच सोललेल्या जागेवर टाकलं तर जीव कळवळतो. धूळ, धूर, थंड हवा, वास हे सगळं मीठ आहे आणि सुजलेलं अस्तर ही जखम आहे. शेजारी बसलेल्याला त्याच धुरानं काही होत नाही आणि आपल्याला मात्र छाती आवळल्यासारखी होते, ती याचमुळे. म्हणून दमा सांभाळायचा म्हणजे दोन कामं, जखम भरून आणायची आणि मीठ शक्य तेवढं लांब ठेवायचं. बहुतेक लोक फक्त दुसरं करत बसतात, घर घासून पुसून थकतात आणि पहिलं काम राहून जातं.

पहिलं काम पंपाचं आहे, आणि पंप दोन प्रकारचे असतात हे ज्या दिवशी मला खरं अर्थानं कळलं त्या दिवसापासून माझा दमा बदलला. एक आहे लगेच आराम देणारा, बहुतेक ठिकाणी निळा, त्यात सॅल्ब्युटामॉल असतं. तो आवळलेले स्नायू सैल करतो, काही मिनिटांत काम करतो आणि चार ते सहा तास टिकतो. पण सुजेवर तो काहीही करत नाही. दुसरा आहे सूज कमी करणारा, त्यात अगदी थोड्या प्रमाणात स्टेरॉइड असतं, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन अशी नावं डब्यावर दिसतील. हा घेतल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही, फरक पडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि नेमकं याच कारणानं लोक म्हणतात की हा पंप काही कामाचा नाही, निळाच बरा. खरं म्हणजे जखम भरतोय तो हाच. (रंगावर मात्र पूर्ण विसंबून राहू नका, कंपनीप्रमाणे रंग बदलतात, डब्यावरचं नाव वाचा.)

फक्त निळ्यावर जगणं किती धोक्याचं आहे हे आता चांगलंच कळलंय. दम्याच्या उपचारांसाठी जगभरात ज्यांच्या मार्गदर्शनाकडे डॉक्टर बघतात त्या जिना या संस्थेनं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलं यांना नुसत्या सॅल्ब्युटामॉलसारख्या पंपावर ठेवू नये, दमा सौम्य असला तरी, सुजेवरचं औषध कुठल्या ना कुठल्या रूपात मिळालंच पाहिजे. हल्ली एकाच पंपात ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र देतात, फॉर्मोटेरॉल लगेच नळ्या उघडतं आणि त्याच श्वासाबरोबर सुजेचं औषधही जातं, त्यामुळे काहींना रोजसाठी आणि त्रास झाल्यावर असा दोन्हीला तोच एक पंप चालतो. तुम्हाला कुठला योग्य ते डॉक्टर ठरवतील. पण घरी बसून एक हिशोब तुम्ही आत्ता करू शकता, वर्षभरात आराम देणारे पंप किती संपले? एका डब्यात साधारण २०० डोस असतात, असे वर्षाला ३ किंवा जास्त डबे संपत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि १२ किंवा जास्त, म्हणजे महिन्याला एक, असेल तर जिवाचाच धोका वाढतो. मी त्या वाईट वर्षी मोजले तेव्हा माझे ९ निघाले होते.

स्टेरॉइड म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे बदलतात. भीती साहजिक आहे, पण आकडे बघा. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, दिवसाला २०० ते ४०० वगैरे. झटका आल्यावर जी प्रेडनिसोलोनची गोळी देतात ती मोठ्या माणसाला ४० मिलीग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे शंभरपटीनं जास्त, आणि ती सगळ्या शरीरातून फिरते. रोजचा पंप टाळून वर्षातून तीनदा गोळ्यांचा कोर्स करणारा माणूस जास्त स्टेरॉइड घेतोय, कमी नाही. लहान मुलांच्या उंचीबद्दल विचारतात, तर अनेक वर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी साधारण एक सेंटीमीटर कमी भरली असं लांबच्या अभ्यासात दिसलंय, हे लपवायचं कारण नाही, पण तोल करताना दुसऱ्या पारड्यात रोज रात्री खोकत उठणारं, खेळायला न जाणारं मूल आहे हेही बघायला हवं. आणि "पंपाची सवय लागते" हे तर खरं नाहीच, औषध बंद केल्यावर त्रास परत येतो तो आजार अजून आहे म्हणून येतो.

खरा घोळ औषधात नसून औषध घेण्याच्या पद्धतीत असतो, असं मला कितीतरी लोकांना पंप घेताना बघून वाटतं. पंपाची गोष्ट पण छान आहे. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या १३ वर्षांच्या मुलीनं वडिलांना विचारलं की केसांचा स्प्रे मिळतो तसं माझं दम्याचं औषध डब्यात का नाही मिळत, कारण तिला तेव्हा काचेचं, रबरी फुगा दाबून चालवायचं उपकरण वापरावं लागायचं. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून डोस देणारा पहिला पंप बाजारात आला. इतकी वर्षं झाली पण चुका त्याच होतात. दाबायचं आधी आणि श्वास नंतर, किंवा श्वास घाईघाईत, किंवा एकापाठोपाठ दोनदा दाबून मोकळं.

दाबायच्या पंपाचं असं आहे. आधी नीट हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, ही पायरी सगळेच गाळतात. तोंडात धरून ओठ घट्ट मिटा, हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच एकदा दाबा, आणि तसाच सावकाश, खोल श्वास घेत राहा, मग साधारण दहा सेकंद धरून ठेवा. दुसरा डोस हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून परत हलवून घ्या. पावडरचा पंप असेल तर मात्र उलटं, तिथे जोरात आणि खोल ओढावं लागतं कारण पावडर तुमच्या श्वासानंच मोकळी होते, आणि त्याच्यात फुंकायचं अजिबात नाही, आतली पावडर ओली होते. दोन वेगवेगळ्या प्रकारचे पंप असतील तर एकाची पद्धत दुसऱ्याला लावली जाते, माझंही झालंय.

दाबायच्या पंपाला स्पेसर लावा, ती प्लास्टिकची लांबट डबी. मोठ्या माणसांना ती लहान मुलांची वस्तू वाटते आणि लाजेनं कपाटात जाते. स्पेसरशिवाय औषधाचा बराचसा भाग घशाच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो, स्पेसरमध्ये तो फवारा आधी मंदावतो, मग छातीत जास्त औषध पोचतं आणि घशात कमी चिकटतं. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा आणि फडक्यानं न पुसता आपोआप वाळू द्या, पुसल्यानं प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. आणि स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात, आवाज बसतो. मी पंप टूथब्रशच्या शेजारी ठेवते, पंप, मग ब्रश, मग चूळ, एकात एक सगळं होतं आणि विसरायलाही होत नाही.

डबा संपला की नाही हे हलवून कळत नाही, औषध संपलं तरी आतला गॅस फवारा देत राहतो. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची पद्धतही भरवशाची नाही. काउंटर असेल तर बघा, नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा आणि रोजचे डोस मोजा.

आता मीठ, म्हणजे ट्रिगर. याबद्दल आधीच सांगते की यादी मोठी आहे आणि ती वाचून घाबरायचं नाही, सगळे ट्रिगर सगळ्यांना नसतात, तुमचे दोन-चारच असतील, ते शोधायचे.

झटका आणणाऱ्यांत पहिला नंबर साध्या सर्दीचा. धूळ-बिळ नंतर. सर्दीचे विषाणू अस्तराची सूज एकदम वाढवतात, म्हणून दम्याच्या माणसाची सर्दी "छातीत उतरते". अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाहीत, त्यामुळे दरवेळी अँटिबायोटिक मागू नका. हात धुणं, सर्दी झालेल्यापासून जरा लांब राहणं आणि दरवर्षी फ्लूची लस एवढं आपल्या हातात आहे, आणि सर्दी सुरू झाली की पंपाचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून लिहून ठेवायचं.

मग घरातली धूळ. धूळ म्हणजे नुसती माती नाही, तिच्यात धुळीतले माइट नावाचे जीव असतात, मिलीमीटरच्या पाव भागाएवढे, डोळ्यांना न दिसणारे. ते आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कणांवर जगतात आणि गादी, उशी, पांघरूण, गालिचे, सोफा, भरलेली खेळणी इथे राहतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. १५५२ साली जिरोलामो कार्दानो नावाचा इटलीतला वैद्य, जो गणितज्ञ म्हणूनही प्रसिद्ध आहे, थेट स्कॉटलंडला गेला कारण तिथले आर्चबिशप जॉन हॅमिल्टन दम्यानं हैराण झाले होते, आणि त्यानं जे सल्ले दिले त्यात एक होता की पिसांचं अंथरूण वापरू नका. आर्चबिशपना आराम पडला. माइटचा आणि दम्याचा संबंध पुढे १९६०च्या दशकात नेदरलंड्समधल्या संशोधकांनी दाखवला, पण अंथरुणात काहीतरी आहे हे चारशे वर्षं आधीच एकानं ओळखलं होतं, हे वाचून मला फार नवल वाटलं होतं.

माइटना ओलावा लागतो, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते टिकत नाहीत. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा, थंड पाण्यात ॲलर्जीचा अंश निघतो पण माइट मरत नाहीत. गादी आणि उशीला माइट अडवणारी चेन असलेली कव्हरं मिळतात. केर काढताना, झटकताना धूळ उडते आणि बराच वेळ हवेत तरंगते, ओल्या फडक्यानं पुसणं बरं, आणि ते काम दम्याच्या माणसानं करू नये, निदान त्या वेळी खोलीत थांबू नये. यातली एकच गोष्ट करून फारसा फरक पडत नाही असं अभ्यासात वारंवार दिसलंय, आणि माइटची ॲलर्जीच नसेल तर काहीच फरक पडत नाही, म्हणून महागडी कव्हरं घ्यायच्या आधी ॲलर्जीची टेस्ट करून घ्या. सुरुवात झोपायच्या खोलीपासून करा, दिवसाचा एक तृतीयांश वेळ तिथेच जातो.

भिंतीला ओल असेल तर बुरशी येते आणि तिचे बारीक कण हवेत जातात. नुसता रंग मारून उपयोग नाही, ओल कुठून येतेय ते दुरुस्त करावं लागतं. झुरळांची विष्ठा आणि त्यांचे वाळलेले तुकडे हाही मोठा ट्रिगर आहे, विशेषतः मुलांना, पण त्यासाठी घरभर स्प्रे मारला तर तो स्प्रेच छातीला झोंबतो, त्यापेक्षा जेल किंवा सापळे लावा आणि अन्न, पाणी उघडं ठेवू नका. मांजर-कुत्र्याच्या बाबतीत लोक केसांना दोष देतात, ॲलर्जी मात्र त्यांच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, म्हणून कमी केसांचा प्राणी आणून फार काही साधत नाही. आणि प्राणी दुसरीकडे दिला तरी त्याचा अंश घरात काही महिने राहतो. हा निर्णय कुणासाठीही सोपा नसतो, टेस्टमध्ये खात्री झाल्याशिवाय कुणी घाईनं घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

परागकणांचा त्रास ठराविक महिन्यांत होतो, दरवर्षी त्याच सुमारास. त्यातला एक विचित्र प्रकार म्हणजे वादळी दमा. २१ नोव्हेंबर २०१६ला मेलबर्नमध्ये संध्याकाळी वादळ आलं आणि काही तासांत हजारो लोक श्वास लागून हॉस्पिटलांकडे धावले, १० जणांचा मृत्यू झाला. गवताचे परागकण एरवी मोठे असल्यामुळे नाकातच अडतात, पण वादळातल्या ओलाव्यानं ते फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट छातीत खोलवर जातात. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी दमा आहे हे माहीतच नव्हतं, फक्त दरवर्षी शिंका यायच्या. म्हणून नाकाची ॲलर्जी अंगावर काढू नका, नाक आणि छाती ही एकाच नळीची दोन टोकं आहेत.

धूर कुठलाही असो, वाईटच. सिगारेटचा, लाकूड किंवा कचरा जाळल्याचा, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा. सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्यावर स्टेरॉइडचा पंपही नीट काम करत नाही, म्हणजे जखमेवर मीठ आणि वर मलमही निकामी. घरात दम्याचं मूल असेल तर बाल्कनीत जाऊन ओढणंही पुरेसं नाही, कपड्यांना, केसांना लागलेला धूर आत येतोच. परफ्यूम, रंग, फरशी पुसायची तीव्र वासाची द्रव्यं यांनी ॲलर्जी होत नसते, ती थेट झोंबतात. आणि हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर ओझोन सोडणारं चुकूनही घेऊ नका, ओझोन स्वतःच नळ्यांना त्रास देतो.

कामाच्या ठिकाणचा दमा हा तर कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. बेकरीतलं पीठ, गाड्यांना मारायचा स्प्रे पेंट, लाकडाचा भुसा, साफसफाईची रसायनं. खूण एकच, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर परत गेलं की सुरू. ट्रिगर शोधणं किती मोलाचं असतं याचं बार्सिलोनाचं उदाहरण मी नेहमी सांगते. तिथे १९८१ ते १९८७ मध्ये २६ वेळा असं झालं की एकाच दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांनी इमर्जन्सी भरून जायची. प्रदूषण, हवामान, सगळं तपासलं. शेवटी तारखा जुळवल्यावर कळलं की ज्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जायचं त्याच दिवशी हे व्हायचं, गोदामाच्या उंच टाकीवर फिल्टर नव्हता आणि धूळ शहरभर पसरायची. फिल्टर बसवले आणि त्या लाटा थांबल्या.

तारखा जुळवणं हेच काम आपण घरी करायचं. एक वही घ्या, त्रास कधी झाला, आधी कुठे होतात, काय करत होतात, एवढंच लिहा. फक्त एक लक्षात ठेवा, ॲलर्जीचा त्रास लगेच होतो आणि काहींना चार ते आठ तासांनी परत एकदा येतो, म्हणजे रात्रीच्या खोकल्याचं कारण दुपारी असू शकतं. फक्त शेवटच्या तासाचं बघाल तर चुकाल.

औषधांबद्दल दोन शब्द, कारण हे कुणी सांगत नाही. दमा असलेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण ७ टक्क्यांना ॲस्पिरिन आणि त्या गटातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामकांनी जोरदार झटका येतो, विशेषतः ज्यांच्या नाकात कोंब वाढलेले असतात त्यांना. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. ब्लडप्रेशरच्या, हृदयाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, हो डोळ्यात घालायचे थेंब, नळ्या आवळू शकतात. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, डोळ्यांच्या, दातांच्या, तरी पहिलं वाक्य "मला दमा आहे" हे असू द्या. चालू गोळी मनानं बंद मात्र करू नका. गरोदरपणात पंप बंद करणं ही तर मोठी चूक, बाळाला धोका पंपापेक्षा आईच्या झटक्याचा जास्त असतो.

खाण्याची पथ्यं मी मुद्दाम शेवटी घेतेय. एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असेल तर तो बंद, पण बहुतेक दमेकऱ्यांचा ट्रिगर खाण्यात नसतो, आणि मुलांच्या ताटातून एकेक चांगली गोष्ट काढून टाकत गेलं तर दमा तिथेच राहतो आणि मूल अशक्त होतं. व्यायामाचंही तसंच. धावल्यावर दम लागतो कारण तोंडानं भराभर घेतलेली थंड कोरडी हवा अस्तर सुकवते, त्रास बहुधा थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांत वाढतो आणि तास-अर्ध्या तासात उतरतो. तो टाळायचा ट्रिगर नाही. आधी हळूहळू अंग गरम करा, थंडीत नाका-तोंडावर रुमाल बांधा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप घ्या आणि खेळा. पॉला रॅडक्लिफला दमा आहे आणि तिनं २००३ मध्ये मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला होता. खेळता येत नसेल तर खेळ बंद करण्याऐवजी उपचार तपासायला हवेत.

आता दमा आटोक्यात आहे की नाही हे कसं ओळखायचं, कारण आपल्याला त्रासाचीच सवय होते आणि "माझं असंच असतं" म्हणून आपण चालवून घेतो. गेले चार आठवडे आठवा. दिवसा त्रास आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, रात्री एकदा तरी दम्यानं जाग आली का, आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, दम्यामुळे काही करायचं टाळलं का. एकाचं जरी उत्तर हो असेल तर दमा पूर्ण ताब्यात नाही. शिवाय पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते, उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं, तीनदा, आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. बरं असताना तुमचा सर्वात चांगला आकडा किती ते माहीत असेल तर नंतर तुलना करता येते, ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, ५० ते ८० मध्ये सावध, ५० च्या खाली ताबडतोब डॉक्टर. बऱ्याचदा आकडा आधी घसरतो आणि त्रास नंतर जाणवतो, मला एकदा दोन दिवस आधी इशारा मिळाला होता.

झटका आला तर काय, हे घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. झोपवू नका, सरळ बसवा, भोवतीची गर्दी हटवा. निळा पंप स्पेसरमधून चार वेळा, एका वेळी एकच दाबायचं आणि प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नाही, परत चार. तरीही नाही, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार देत राहा. डॉक्टरांनी वेगळा लेखी प्लॅन दिला असेल तर तो आधी. एका दमात वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, किंवा आधी सूं सूं होतं आणि आता आवाजच बंद झाला पण माणूस गळून गेलाय, तर पहिल्या चारची वाट न बघता फोन करा, आणि पंप चालूच ठेवा. आवाज बंद होणं म्हणजे बरं होणं नाही, हवा जायचीच थांबली असा त्याचा अर्थ असू शकतो. ब्रिटनमध्ये दम्यानं गेलेल्या १९५ लोकांचा एकेक करून अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात ४५ टक्के लोकांनी शेवटच्या झटक्यात मदत मागितलीच नव्हती किंवा मदत पोचायच्या आत ते गेले होते. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य दम्यात म्हणायचं नाही, पहाटेच्या सुमाराला नळ्या तशाही दिवसातल्या सगळ्यात आवळलेल्या असतात. आणि झटका उतरला की दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, स्टेरॉइडच्या गोळ्या पाच-सात दिवसांच्या दिल्या असतील तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका.

राहिला सुरुवातीचा प्रश्न, मग पंप कधी बंद करायचा? दोन-तीन महिने सगळं नीट आटोक्यात राहिलं तर डॉक्टर डोस एक पायरी खाली आणतात, मग परत काही महिने बघतात, मग अजून एक पायरी. सर्दीच्या दिवसांत किंवा प्रवासाच्या तोंडावर शक्यतो कमी करत नाहीत. मी आता सुरुवातीच्या निम्म्या डोसवर आहे, गेल्या वर्षभरात निळा पंप फक्त एकदा संपला, तोही मुदत उलटून गेली म्हणून टाकला.